तळ्यात पडलेला चमचा

‘ट्रोल’ म्हटलं की आपल्याला कमेंट सेक्शन आठवतो. कुणाच्या तरी पोस्टखाली काहीतरी खोचक लिहायचं आणि समोरचा चिडून तुटून पडला की मजा बघत बसायचं. हा शब्द नॉर्स लोककथांमधल्या राक्षसावरून आला असं बऱ्याच जणांना वाटतं. पुढे त्या राक्षसाची चित्रं त्याला चिकटलीही. पण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला यूजनेटवर हा शब्द रुळला तेव्हा तिथले जुने लोक ‘नवख्यांसाठी ट्रोलिंग’ असं म्हणायचे, आणि त्यातलं ट्रोलिंग मासेमारीतलं होतं. चालत्या होडीच्या मागे गळ ओढत हळूहळू फिरायचं, कुणीतरी येऊन चावेलच. (आपल्या बंदरात जाळं ओढणारा ट्रॉलर दिसतो, ते ट्रॉलिंग. शब्द शेजारचे, काम वेगळं.)

उत्तर अमेरिकेतल्या थंड, खोल तळ्यांमध्ये हे ट्रोलिंग गेली दीडशे वर्षं एका विचित्र वस्तूने चालतं. ती वस्तू म्हणजे चमचा. शब्दशः चमचा, दांडा कापलेला.

गळाला लावायचं आमिष साधारणपणे खाण्याजोगं असतं: गांडूळ, कणकेची गोळी, कोळंबीचा तुकडा. चमच्यात खाण्यासारखं काहीच नसतं. पातळ धातूचा लंबगोल तुकडा, एका बाजूने खोलगट, शेपटाला गळ. पाण्यातून ओढला की त्याच्या दोन्ही अंगांवर पाण्याचा दाब सारखा पडत नाही. त्यामुळे तो डावी-उजवीकडे डुलतो आणि दर डुलण्याला एकदा चकाकतो. जखमी झालेला लहान मासा साधारण असाच पोहतो. फार जोरात ओढला तर चमचा गरगर फिरतो आणि दोरीला पीळ पडतो, फार सावकाश ओढला तर मेल्यासारखा लोंबकळतो. मधल्या चिंचोळ्या वेगातच तो जिवंत असतो.

याचं श्रेय अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल या माणसाला देतात. फरचा धंदा करणारा हा गडी व्हरमाँटमधल्या बोमोसीन तळ्यावर होडीत बसून जेवत होता म्हणे. हातातला चमचा निसटून पाण्यात पडला, चकाकत चकाकत खाली जाऊ लागला, आणि एका मोठ्या माशाने येऊन त्यावर झडप घातली. ब्युएलने घरी जाऊन दुसऱ्या चमच्याचा दांडा कापला, त्याला गळ डाखला आणि परत तळ्यावर आला. १८५२ साली त्याने अशा ओढायच्या चमच्याचं पेटंट घेतलं, हे मात्र कागदोपत्री आहे. जेवणाची गोष्ट मला जरा जास्तच गोळीबंद वाटते. पॅसिफिक बेटांवरचे लोक शिंपल्याच्या चकचकीत अस्तराचे गळ होड्यांमागे ओढत होते, ते ब्युएलच्या कितीतरी आधी. मासा चकाकीला भुलतो हे काही त्याने शोधलं नाही. त्याने ते पितळेत आणलं, कारखान्यात आणलं आणि दुकानात आणलं.

पण वेळ अचूक साधली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रेल्वे पसरत होती, शहरातल्या माणसाला सुट्टी मिळू लागली होती, आणि मासे धरणं हे पोटासाठी करायच्या कामातून हौसेच्या कामात सरकत होतं. १८७१ साली तिथल्या सरकारने मत्स्य आयोग नेमला. या आयोगाकडे माशांची अंडी आणि पिल्लं देशभर पोचवायला खास रेल्वेचे डबे होते. एका किनाऱ्यावरचा मासा उचलून दुसऱ्या टोकाच्या तळ्यात सोडणं हे तेव्हा पुण्यकर्म मानलं जाई. साहेबांनी आपल्याकडेही तेच केलं: काश्मीरच्या ओढ्यांतला ब्राउन ट्राउट १९०० साली स्कॉटलंडहून अंड्यांच्या रूपात आला. तळ्यात कोण राहणार हे तळ्याने ठरवायचं नाही, गळ टाकणाऱ्याने ठरवायचं. चमच्याला जो धावेल तो चांगला मासा.

पुढची गोष्ट तीन तळ्यांची आहे, म्हणून नकाशा आधी डोळ्यांपुढे आणू. कोलंबिया नावाची मोठी नदी कॅनडात उगम पावून अमेरिकेत उतरते आणि पॅसिफिकला मिळते. तिच्या खोऱ्यात, कॅनडाच्या बाजूला, कूटनी तळं आहे. अमेरिकेच्या बाजूला माँटाना राज्यात फ्लॅटहेड तळं. फ्लॅटहेडमधून निघालेलं पाणी एका नदीतून दुसऱ्या नदीत जात आयडाहो राज्यातल्या पाँड ओरे तळ्यात पोचतं. ही तिन्ही तळी हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांमधली. पाँड ओरे तर साडेतीनशे मीटर खोल आहे. इतकं खोल आणि शांत, की अमेरिकन नौदल समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या तळ्यात पाणबुड्यांच्या आवाजाच्या चाचण्या घेतं.

आणि या गोष्टीतला मासा म्हणजे कोकनी. कोकणाशी काही संबंध नाही. हा तिथल्या सॅलिश भाषांमधून आलेला शब्द आहे. कोकनी म्हणजे समुद्र विसरलेला सॅमन. सॉकाय सॅमन जन्मतो गोड्या पाण्यात, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला परत येतो. त्यातले काही पूर्वी कधीतरी आतल्या तळ्यांमध्येच राहिले, तळ्यालाच समुद्र मानू लागले. आकाराने लहान, बहुतेक वेळा हातभर तर सोडाच, वीतभराहून थोडा मोठा. तीन-चार वर्षं रुपेरी असतो, शेवटच्या शरदात लालभडक होतो, अंडी घालतो आणि मरतो. त्याचं खाणं म्हणजे पाण्यात तरंगणारे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, मुख्यतः डॅफ्निया नावाचे पाणपिसू.

इथेच ट्रोलिंगचं एक कोडं आहे. मोठा ट्राउट लहान मासे खातो, तो चमच्यामागे धावला तर समजू शकतं. पण पाणपिसू खाणारा कोकनी धातूच्या तुकड्याला का चावतो? मी वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात राहते, पाँड ओरे तिथून दोनेक तासांवर. शेजारच्या एका निवृत्त आजोबांबरोबर पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, “तो भुकेने चावत नाही. तो वैतागून चावतो.” बहुतेक कोकनीवाले हेच सांगतात, आणि त्यांची सगळी सामग्री त्याच समजुतीवर उभी आहे. चमच्याच्या पुढे हातभर अंतरावर एक मोठी चकचकीत पट्टी लावतात. तिला गळ नसतो, तिचं काम फक्त पाण्यात गोंधळ घालणं. तिच्यामागे नारिंगी किंवा गुलाबी रंगाचा, कागदासारखा पातळ चमचा. गळाच्या टोकाला डब्यातल्या पांढऱ्या मक्याचा एक दाणा. का, ते विचारू नका, दाणा नसला तर आजोबा होडीच सुरू करत नाहीत. वेग ताशी दोन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे जेवणानंतर शतपावली घालतात त्याहूनही सावकाश. कोकनीचं तोंड इतकं मऊ की रॉड ताठ असेल तर गळ ओठ फाडून सुटतो, म्हणून रॉड लवलवता हवा.

उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि कोकनी दहा-बारा अंशांच्या थंड थरात, वीस-तीस मीटर खाली उतरतो. तिथे चमचा पोचवायला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा तारेला लावून सोडतात आणि दोरी चिमट्याने त्या तारेला अडकवतात. मासा चावला की चिमटा सुटतो. त्या दिवशी चार तासांत आमचा चिमटा सहा वेळा सुटला आणि तीन मासे होडीत आले. संध्याकाळी मी त्यांना हळद-मीठ लावून तव्यावर परतले. लाल मांस, चव सॅमनचीच, फक्त नाजूक.

आता त्या तळ्यात तो मासा आला कुठून? कूटनीत कोकनी मूळचाच आहे. फ्लॅटहेडमध्ये तो १९१६ साली माणसांनी सोडला. तिथून पाण्याबरोबर वाहत १९३०च्या दशकात तो पाँड ओरेत उतरला आणि तिथे इतका माजला की १९५०च्या दशकात आणि १९६०च्या पहिल्या काही वर्षांत वर्षाला सरासरी दहा लाख कोकनी धरले जात. हौशी लोक धरत, विकणारेही धरत. कोकनी खाऊन ट्राउट फुगले. कूटनीतल्या राक्षसी जातीचे रेनबो ट्राउट १९४०च्या दशकात इथे आणून सोडले, आणि १९४७ साली वेस हॅम्लेट नावाच्या माणसाने सदतीस पौंडांचा, म्हणजे जवळजवळ सतरा किलोचा रेनबो बाहेर काढला. तो तेव्हाचा जागतिक विक्रम. दोनच वर्षांनी याच तळ्यात बत्तीस पौंडांचा बुल ट्राउट निघाला. तो मात्र इथला मूळ रहिवासी.

एवढं भरभराटीचं चित्र पाहिल्यावर माणसाला काय सुचतं? अजून थोडं सुधारावं.

१९४९ साली ब्रिटिश कोलंबियाचे मत्स्यतज्ज्ञ पीटर लार्किन यांनी कूटनी तळ्यात मायसिस नावाची एक कोळंबी सोडली. कोळंबी म्हणजे काय, आपल्या जवळ्याएवढी. दोनेक सेंटीमीटर लांब, काचेसारखी पारदर्शक. रेनबो ट्राउटच्या वाढत्या पिल्लांना पोटभर खाऊ मिळावा हा हेतू. बरीच वर्षं काहीच दिसलं नाही. मग १९६०च्या दशकात तळ्याच्या पश्चिमेकडच्या फाट्यात कोकनी अचानक प्रचंड मोठे होऊ लागले. दुप्पट-तिप्पट नाही, त्याहूनही वजनदार. पोटं फाडून पाहिली तर आत मायसिस. बातमी पसरली आणि पश्चिम अमेरिकेतल्या प्रत्येक मत्स्य खात्याला ही कोळंबी हवीशी झाली. १९६०च्या दशकात ती टाहो तळ्यात गेली, ओकानागनमध्ये गेली, पाँड ओरेत गेली. १९६८पासून माँटानाने ती फ्लॅटहेडच्या वरच्या अंगाच्या लहान तळ्यांत सोडली. फ्लॅटहेडमध्ये कुणी सोडली नव्हती. पण पाणी वरून खालीच येतं. १९८१ साली ती फ्लॅटहेडमध्ये सापडली.

मायसिसचा दिनक्रम आधी कुणी पाहायला हवा होता. ती दिवसभर तळाशी, गच्च अंधारात बसते आणि रात्री वर येऊन पाणपिसू खाते. कोकनी डोळ्यांनी पाहून खातो, म्हणजे दिवसा आणि उजेडात. दोघांची गाठच पडत नाही. कोकनीच्या तोंडी पडावी म्हणून सोडलेली कोळंबी रात्रपाळीला येऊन कोकनीचं ताट साफ करून जाते आणि उजाडायच्या आत तळघरात परत. मग कूटनीच्या पश्चिम फाट्यात काय झालं होतं? तिथे खोल तळं संपून उथळ उंबरठा लागतो. तळ्याबाहेर जाणारं पाणी त्या उंबरठ्यावरून वर उसळतं आणि मायसिसना फरफटत उजेडात आणतं. कोकनी तिथे तोंड उघडून बसलेले. त्या एका उंबरठ्यापुरती ही योजना यशस्वी होती. पुष्कळ तळ्यांवर तिची नक्कल झाली, आणि त्यांत तसा उंबरठा नव्हता.

खरं तर इशारा आधीच मिळाला होता. टाहोमध्ये मायसिस आल्यावर काही वर्षांतच, १९७०च्या सुमाराला, पाणपिसू दिसेनासे झाले होते. पण टाहो कॅलिफोर्निया-नेवाडात, आणि प्रत्येक खात्याला आपलं तळं वेगळं वाटतं.

फ्लॅटहेडवर जे झालं ते मी वाचलं तेव्हा मासेमारीविषयी वाचतेय हे काही वेळ विसरायला झालं. तिथले कोकनी शरदात तळं सोडून वर, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या मॅकडोनाल्ड नावाच्या ओढ्यात अंडी घालायला जात. हजारो लाल मासे उथळ पाण्यात, अंडी घालून मरणारे. ते खायला उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेले बाल्ड ईगल थांबत. १९८१ साली तिथे एका दिवसात ६३९ गरुड मोजले गेले. लोक दुर्बिणी घेऊन पुलावर गर्दी करत. अस्वलं येत, पाणमांजरं येत. १९८५ साली ओढ्यात लाखाहून जास्त कोकनी चढले. १९८७ साली काही शे. १९८९ साली सुमारे पन्नास. त्या वर्षी गरुड मोजले गेले पंचवीस. पुलावरची गर्दीही संपली. क्रेग स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘बायोसायन्स’मध्ये हे सगळं मांडलं, आणि तेव्हापासून परिसंस्थेच्या पुस्तकांत हे उदाहरण येतं.

नाशाचं सगळं खापर कोळंबीवर फोडणं मात्र सरळ नाही. फ्लॅटहेडच्या एका उपनदीवर १९५३ साली हंग्री हॉर्स धरण पुरं झालं होतं. त्याच्या पाण्याच्या चढ-उताराने नदीतली आणि काठावरची अंडी उघडी पडून मरत. पाँड ओरेवर तर १९५२पासूनच दोन धरणांची छाया आहे. हिवाळ्यात तळ्याची पातळी खाली आणली की काठच्या खडीत घातलेली कोकनीची अंडी कोरडी पडतात. म्हणजे मासा आधीच आजारी होता, कोळंबीने त्याचं जेवण तोडलं. आणि तिसरा वार तळातून आला. फ्लॅटहेडमध्ये १९०५ साली लेक ट्राउट नावाचा पूर्वेकडचा मासा सोडला होता. ऐंशी वर्षं तो बापडा आपला कोपऱ्यात होता, कारण त्याच्या पिल्लांना खोल पाण्यात खायला फारसं काही नव्हतं. मायसिस तळाशीच राहते. पिल्लांना आयती मेजवानी मिळाली, लेक ट्राउट भरमसाट वाढले, आणि मोठे झाल्यावर त्यांनी उरलेसुरले कोकनी खाल्ले. मग मूळचे बुल ट्राउट आणि कटथ्रोट यांची पाळी आली. १९९०च्या दशकात फ्लॅटहेडमध्ये कोकनी पुन्हा वसवायचा प्रयत्न झाला. दरवर्षी लाखांनी पिल्लं सोडली. लेक ट्राउटची चंगळ झाली, आणि प्रयोग बंद करावा लागला.

भिगवणला हायवेवर थांबून आपण जी चिलापी ताव मारून खातो ती मूळची आफ्रिकेतली, १९५०च्या दशकात भारतात आणलेली. उजनीतल्या देशी माशांना तिचं काय वाटतं हे कुणी मेन्यूकार्डावर छापत नाही. मीही विचारत नाही, ती चांगली लागते.

पाँड ओरेत कोकनी धरणं २००० साली बंद झालं. विक्रमी रेनबोचं, लाखो कोकनीचं ते तळं. पुढे आयडाहोने एक उरफाटा उपाय केला. २००६पासून व्यावसायिक मच्छीमारांना बोलावून खोल पाण्यातून जाळ्यांनी लेक ट्राउट उपसायला सुरुवात केली, आणि हौशी लोकांनाही लेक ट्राउटच्या डोक्यामागे पंधरा डॉलर बक्षीस लावलं. सुरुवातीला रेनबोवरही बक्षीस होतं. ज्या माशासाठी लोक देशभरातून यायचे, ज्याच्या विक्रमाचा फोटो अजून लावलेला असतो, त्याचं मुंडकं आणून द्या आणि पैसे न्या. आजोबांनी त्या काळात एकही रेनबोचं डोकं दिलं नाही. “मला पटलं होतं,” ते म्हणाले, “पण हात झाला नाही.” उपाय लागू पडला. कोकनी वाढले आणि २०१३ साली मासेमारी पुन्हा उघडली. आमचे ते तीन मासे त्याचीच कृपा.

फ्लॅटहेडवर भांडण अजून मिटलेलं नाही, आणि ते माशांपुरतं नाही. तळ्याचा दक्षिण अर्धा भाग सॅलिश, कूटनाई आणि पांदेरे या आदिवासी जमातींच्या राखीव प्रदेशात येतो. १८५५च्या तहाने मासेमारीचा हक्क त्यांनी राखून ठेवला होता. त्यांच्या दृष्टीने बुल ट्राउट आणि कटथ्रोट हे तहातले मासे आहेत, बाकीचे पाहुणे. बुल ट्राउट १९९८पासून संघराज्याच्या यादीत धोक्यातला म्हणून नोंदलेला आहे. जमातींना लेक ट्राउट जाळ्यांनी कमी करायचे आहेत. तळ्यावर होड्या भाड्याने देणाऱ्या गाइडांचं पोट मात्र आता त्याच लेक ट्राउटवर आहे. कोकनी गेल्यावर त्यांनी चमचे बदलले, शिशाचे गोळे आणखी खाली सोडले आणि धंदा टिकवला. त्यांतल्या कित्येकांनी फ्लॅटहेडचा कोकनी कधी पाहिलेलाही नाही. त्यांना ‘तुमचा मासा उपरा आहे’ असं सांगणं मला अवघड जाईल. ज्यांचा मासा त्यांना न विचारता तळाशी ढकलला गेला त्या जमातींना ‘थांबा’ म्हणणं त्याहून अवघड.

जमातींनी वाट काढली ती अशी. दरवर्षी वसंतात आणि शरदात त्या लेक ट्राउट धरायची स्पर्धा ठेवतात. इथे लेक ट्राउटला मॅकिनॉ म्हणतात, म्हणून नाव मॅक डेज. जितके जास्त मासे, तितकं मोठं बक्षीस. खुणेची चकती लावलेला मासा मिळाला तर घबाडच. कुणीही उतरू शकतं, गाइडसुद्धा उतरतात. पहाटे थंडीत होड्या निघतात, मागे चमचे डुलत असतात, साठ-सत्तर मीटर खाली, जिथे दिवसा मायसिस बसलेली असते त्याच अंधारात. धरलेले मासे साफ करून अन्नछत्रांना जातात आणि थोडे दुकानांत विकायला. तळ्याकाठच्या एका दुकानातून मी एक तुकडा घेतला होता. जरा तेलकट असतो, पण आलं-लसूण लावून रव्यात तळला तर उत्तम लागतो.